वजन सगळ्यांनी केलं, पाजताना कुणी पाहिलं नाही

बाळ ३५ दिवसांचं, मुलगी. जन्मवजन २.९ किलो. आमच्या काट्यावर, कपडे काढून, ३.०८ किलो. महिना उलटून गेला आणि जमेला १८० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात एक महिन्याच्या मुलीचं मधलं वजन ४.२ किलो धरलेलं आहे आणि कमी वजनाची रेघ ३.२ किलोवर आहे. ही मुलगी दिवसांनी महिन्याच्या पुढे आणि वजनाने त्या रेघेच्या खाली. सोबत आई, आजी, एक मावशी आणि कापडी पिशवीत पावडरच्या दुधाचा डबा. डब्याचं सील आदल्या रात्रीच फोडलेलं.

मी जळगावच्या एका बालरुग्णालयात बाळंतिणींना पाजण्याबद्दल मार्गदर्शन करते. डॉक्टर तपासतात, मी शेजारच्या खोलीत बसते. हे प्रकरण घरच्यांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही. लिहावंसं वाटलं, कारण या बाळाचं वजन वेगवेगळ्या काट्यांवर झालं होतं, कार्डावर आकडे होते, त्या आकड्यांवरून दोन घरांत वाजायची वेळ आली होती. पण ती पिते कशी हे पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत बसून एकानेही पाहिलेलं नव्हतं.

आई पहिलटकरीण. माहेर अमळनेर तालुक्यात, सासर शिंदखेड्याकडे, नवरा सुरतला कापड बाजारात. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी. मार्चअखेरीस सिझर झालं. दूध चौथ्या दिवशी उतरलं. सिझरनंतर थोडा उशीर होतोच. पाचव्या दिवशी घरी सोडताना वजन २.६५ किलो. इथवर वावगं काही नाही. पहिल्या आठवड्यात सात ते दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून येतं. इथे ते आलं नाही. पंधराव्या दिवशी, टाके दाखवायला गेल्यावर, २.७५. अठ्ठाविसाव्या दिवशी ३.०२. म्हणजे जन्मवजन गाठायलाच तीन आठवडे गेले. तरी मधल्या तेरा दिवसांत रोजचे वीसेक ग्रॅम पडले होते. पहिल्या तीन महिन्यांत रोज २५ ते ३० ग्रॅम पडायला हवेत. वीस म्हणजे काठावर पास. पुढच्या सात दिवसांत मात्र फक्त ६० ग्रॅम. काटा बदलला होता, त्यामुळे या ६० वर मी हात ठेवून शपथ घेणार नाही, पण चाल मंदावली होती हे नक्की.

त्या सात दिवसांत घरात अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होती. अखाजीला लेकी माहेरी येतात, हे खान्देशात सांगायला नको. बाळंतिणीच्या दोन बहिणी पोराबाळांसह आलेल्या. निंबाला झोके, ओसरीत गौराई, सांजोऱ्यांचे घाणे, दुपारी आमरसाच्या पंगती. बाहेर ऊन त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं. घरात एकच कूलर, तो मधल्या खोलीत, म्हणून अख्खं गोकुळ मधल्या खोलीत. बाळंतीणही तिथेच. पाजायला बसली की भाचे पदर ओढून बाळ बघायला येत. ती आवरतं घेई. बाळ रडलं की कुणीतरी उचलून झोळीत घालायचं, दोन झोके द्यायचे, आणि झोपण्याआधी घसा ओला करायचा.

हा ‘घसा ओला करणं’ प्रकार आमच्या बोलण्यात फार उशिरा निघाला. “वरचं काही देता का?” असं विचारलं तर तिघींनी एका सुरात “काहीच नाही” म्हटलं, आणि त्यांच्या लेखी ते खरंच होतं. वरचं म्हणजे गाईचं दूध, पेज, बिस्कीट. पाणी त्यात येत नाही, गुटी येत नाही, ग्राईप वॉटर तर औषध. म्हणून मी हल्ली तसं विचारतच नाही. सकाळी उठल्यापासून बाळाच्या तोंडात काय काय गेलं ते क्रमाने सांगा, म्हणते. मग आजींनी पिशवीतून चांदीचं बोंडलं, बाळाला पाजायचं चोचीचं भांडं, काढलं. त्यांच्या लेकीलाही त्यातूनच गुटी दिलेली. “ऊन कितलं पडी ऱ्हायनं, पोरनं नरडं सुकी जास. दोन चमचा पानी दिधं ते काय बिघडस?”

दोन चमचे म्हणजे किती, ते आम्ही बेसिनपाशी जाऊन पाहिलं. आजी नेहमी भरतात तेवढं बोंडलं भरलं आणि सिरिंजमध्ये ओढून घेतलं. ३० मिली. दिवसातून किती वेळा? सकाळी, दुपारी, संध्याकाळी, “आनि कोनी पाहुनी दे तं ती येगळं.” म्हणजे ९० मिली तर धरूनच चाला. तीन किलोच्या बाळाला दिवसभरात साधारण साडेचारशे मिली दूध लागतं. त्यातली पाचव्या हिश्श्याची जागा पाण्याने अडवलेली, ज्यात पोषण शून्य.

याच पाण्याने आणखी एक घोळ घातला होता, आणि या प्रकरणात मला सगळ्यांत शिकण्यासारखं वाटलं ते हे. दूध पुरतं की नाही हे ओळखायची आपली सोपी खूण काय, तर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकी, भरपूर लघवी. गावच्या आशाताईंनी गृहभेटीत हे विचारलं होतं. त्या सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी नेमाने आल्या होत्या, त्यांचं काम चोख होतं. आजींनी लंगोट मोजून सांगितले, सहा-सात. खूण पटली. पण ते लंगोट पाण्याने ओले होत होते. शी मात्र दोन दिवसांतून एकदा, ती पण चिमूटभर. दीड महिन्याच्या आतलं, अंगावर पिणारं बाळ सहसा दिवसातून अनेकदा पिवळी, सैल शी करतं. पुढे ते अंतर वाढलं तरी चालतं, या वयात ते कमी दुधाचं लक्षण असू शकतं. लघवी विचारली आणि शी विचारलीच नाही, तर पाणी पिणारं उपाशी बाळ सहज सुटून जातं.

डॉक्टरांनी आधी आजाराच्या बाजूने तपासलं. ताप नाही, श्वास मिनिटाला साठच्या आत, छाती ओढत नाही. पिताना घाम येत नाही, ओठ निळे पडत नाहीत, हृदयाचा आवाज स्वच्छ. टाळू खोल गेलेली नाही, डोळे-तळवे पिवळे नाहीत. टाळा सलग, जीभ खालून बांधलेली नाही. लघवीची तपासणी आणि थायरॉइडची चाचणी पाठवली, कारण लहान बाळात लघवीचा जंतुसंसर्ग ताप न आणताही वजन अडवून ठेवतो आणि थायरॉइडची कमतरता बाळाला सुस्त करते. दोन्ही नंतर ठीक आल्या. बाळ ढिम्म असतं, अंगाला लावल्यावर चोखतच नसतं, हातपाय गार पडले असते किंवा हिरवी उलटी झाली असती, तर माझ्या खोलीत येण्याचा प्रश्नच नव्हता, थेट भरती. डॉक्टर एवढंच म्हणाले, “आजारी नाही वाटत, उपाशी वाटते. पाजताना बघा.”

बघायला बसले. बाळ सुती दुपट्यात गच्च गुंडाळलेलं, कानावर टोपडं, आणि बाहेर वैशाख. आई खुर्चीच्या टोकाला बसलेली, टाके ओढले जाऊ नयेत म्हणून पाठ वाकवून बाळाच्या तोंडापर्यंत स्वतः खाली गेलेली. बाळाची मान वळलेली, पोट छताकडे. तोंड अर्धवट उघडलं, आईने दोन बोटांच्या कात्रीत धरून टोक तोंडात दिलं. फक्त टोक. चोखायला लागली तसा टक्-टक् आवाज आणि गालाला खळी. घरच्यांना ती खळी गोड वाटत होती. खरं तर खळी पडते आणि आवाज येतो तेव्हा तोंडाची पकड सुटत असते. गिळण्याचा आवाज मी मोजायला गेले, तर आठ-दहा चोखण्यांमागे एखादा. चारएक मिनिटांत डोळे मिटले. आजी म्हणाल्या, “भरनं पोट.” आईने सोडवलं तेव्हा स्तनाग्र तिरकं चेपलेलं, लिपस्टिक वापरून झिजावी तसं, आणि कडेला चीर. “दुखतं का?” विचारल्यावर तिने आधी आईकडे पाहिलं, मग मान हलवली. महिनाभर दुखत होतं. बाळंतिणीला दुखायचंच, म्हणून बोलली नव्हती.

आमच्याकडे १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे. पाजण्याआधी आणि नंतर, अंगावरचा लंगोट न बदलता, बाळ त्याच्यावर ठेवलं की पोटात किती गेलं ते कळतं. आधी ३.११, नंतर ३.१३. वीस ग्रॅम. दर वेळी इतकंच मिळत असतं तर वजन वाढलंच नसतं. रात्री खोली निवांत झाल्यावर ती बरं पीत असावी, आणि आईनेही तसंच सांगितलं. पण रात्री पाजणं दोनदाच होत होतं, कारण झोळीत बाळ सलग पाच तास झोपे आणि “शांत बाळ आहे” म्हणून घरात कौतुक होतं. कमी मिळणारं बाळ दर वेळी रडतंच असं नाही. ताकद राखायला ते झोपतं. झोळीची हालचाल, गुंडाळलेलं दुपटं, वर गोडसर ग्राईप वॉटर, मग मागणार कधी?

मग बाळाला लंगोटावर आणलं. टोपडं काढलं, ओल्या फडक्याने तळपाय पुसले, ती टक्क जागी. आईला पाठ टेकवून बसवलं, पायाखाली स्टूल, मांडीवर उशा. सिझरच्या बाईला बाळ बगलेत धरणं सोपं जातं: बाळाचे पाय आईच्या पाठीकडे, डोक्यामागे आईचा तळवा, पोटावर भार नाही. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर, वरच्या ओठाला हलकासा स्पर्श, आणि जांभई दिल्यासारखं तोंड पूर्ण उघडेपर्यंत थांबायचं. उघडलं की बाळ जवळ ओढायचं. आईने वाकायचं नाही. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरून जास्त दिसतो आणि खालून कमी. पहिल्या दोन वेळा जमलं नाही. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा आईच बोलली, “दुखत नाहीये.” गिळण्याचा आवाज दर एक-दोन चोखण्यांमागे यायला लागला. चोखणं मंदावलं की तिने तळव्याने स्तन हळूच दाबून धरायचा, परत सुरू झालं की सोडायचा, हे मावशीलाही दाखवलं. एक बाजू मऊ पडल्यावर दुसरी. पुन्हा काटा: ६० ग्रॅम.

मावशीने आकडा मोठ्याने वाचला. “दूध नाही, दूध नाही” हे गेले दोन आठवडे घरात चाललेलं पालुपद त्या आकड्यापाशी थांबलं. माझ्या भाषणाने थांबलं नसतं.

आता डब्याबद्दल. तो आला कसा, याला काट्याचाच हात होता. बत्तिसाव्या दिवशी अंगणवाडीत, लटकत्या काट्यावर, वजन २.८ भरलं. चार दिवसांपूर्वी दवाखान्यात ३.०२. म्हणजे पोर दोनशे ग्रॅमने उतरली! ही बातमी तासाभरात शिंदखेड्याला पोचली. तिकडून सासूबाईंचा फोन, “आमच्याकडे असती तर असं झालं असतं का?” सुरतहून व्हिडिओवर बाप म्हणतो, बारीकच दिसते. बाळाचं वजन हा माहेरच्या अब्रूचा प्रश्न झाला, आणि अखाजीच्या रात्री मोठ्या बहिणीच्या नवऱ्याने औषधाच्या दुकानातून डबा आणला. मी आजींना सांगितलं, अंगणवाडीत जाऊन सेविकाताईंना एवढंच म्हणा की एक किलोच्या मिठाच्या दोन पुड्या त्या काट्याला लावून बघा. सेविकाताईंनी वेळ न दवडता लावल्या. काटा १.८ दाखवत होता. शून्यावर नसलेला लटकता काटा, वर शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघा, त्यात बाळ पाय झाडतंय. चार दिवसांतला फरक असल्या काट्यावर बघायचाच नसतो. त्यांनी तो लगेच दुरुस्तीला पाठवला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

डबा रात्री एकदाच वापरला होता. बहुतेक डब्यांवर सांगितलेलं प्रमाण ३० मिली पाण्यात एक सपाट माप असं असतं. मावशीने पेलाभर पाण्यात एकच माप टाकलं होतं, “बाळाला जड पडायला नको.” म्हणजे तेही जवळपास पाणीच. १९९२ च्या कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीसह, बाळाच्या पावडर दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. डब्यावर बाळाचा किंवा बाईचा फोटो छापता येत नाही. पण शेजारणीच्या सल्ल्याला कुठला कायदा लागू होणार? मी डब्याची दुश्मन नाही. एखाद्या आईला खरंच दूध कमी असतं, काही औषधांमुळे पाजता येत नाही, कधी बाळाची गरज थांबू शकत नाही. तेव्हा डॉक्टर सांगतील त्या मापाने द्यावंच लागतं आणि त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. इथे डॉक्टरांनी ठरवलं की आईचं दूध नीट पोचवून एक आठवडा बघू. वजन हललं नाही तर डबा, मोजून-मापून.

अवघड काम पाण्याचं होतं. आजींच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. भुसावळ-जळगावच्या उन्हात मोठ्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटते. मी आईचं थोडं दूध वाटीत काढून दाखवलं. सुरुवातीचं दूध पातळ, निळसर. आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं; ऊन वाढलं की बाळ थोडं थोडं, जास्त वेळा पितं आणि तहान भागवतं. सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी लागत नाही, कडक उन्हाळ्यातसुद्धा नाही. वरचं पाणी पोट भरतं, जंतू आणतं, आणि फार झालं तर रक्तातलं मीठ उतरवतं. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग पानी तिनी मायले पाजू का?” मी म्हटलं, हो, अगदी तेच. दर वेळी पाजायला बसली की शेजारी तांब्या भरून ठेवा.

बोंडलं मात्र मी काढून घेतलं नाही. दर पाजण्यानंतर आईने हाताने दूध काढायचं, जे निघेल ते, वीस-तीस मिली, आणि ते आजींनी बोंडल्यातून बाळाला द्यायचं. बाळ उभट धरून, धार ओठाशी, ओतायचं नाही, तिला ओढू द्यायचं. भांडं साबणाने धुऊन रोज उकळायचं. काढलेलं दूध आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवायचं नाही, लगेच पाजा, नाहीतर फ्रिज. बाटली नको, कारण नुकतीच शिकलेली पकड बिघडू शकते. आजींच्या हाताला काम राहिलं आणि पाण्याची जागा दुधाने घेतली. नुसतं “बंद करा” म्हटलं असतं तर घरी गेल्यावर काय झालं असतं हे मला ठाऊक आहे.

बाकीचं थोडक्यात. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं, दिवसा दोन-अडीच तासांवर झोप झाली तर उठवून, रात्री किमान तीनदा. घड्याळ लावून दहा मिनिटं ही बाजू, दहा ती, हे बंद. गुटी, ग्राईप वॉटर, चाटणातला मध बंद. मध तर वर्षाच्या आत नकोच. ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट. पाजताना खोलीत फक्त आई आणि आजी, कूलर त्यांच्याकडे, पाहुणे ओसरीवर. वजन फक्त आमच्या काट्यावर आणि रोज नाही.

आईचं हिमोग्लोबिन ८.९ निघालं. सिझर, त्यात खाण्याला पथ्यांची कुंपणं: वांगं नको, वरण जपून, आमरसाला हात लावायचा नाही, बाळाला हगवण लागेल. घरात रसाची पातेली आणि हिच्या ताटात तूप-भात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी म्हटलं रस खा, कळण्याची भाकरी खा, डाळ-उसळ खा, डिंकाचे-अळिवाचे लाडू खायचेच तर हौसेने खा. दूध वाढतं ते मुख्यतः बाळ जितकं रिकामं करतं तितकं, लाडवाने नाही. पण हिला उभं राहायला ताकद हवी होती. आमरस म्हटल्यावर ती पहिल्यांदा हसली.

दोन दिवसांनी ३.१४. बेचाळिसाव्या दिवशी, दीड महिन्याच्या लसीला, ३.२८. रोजचे तीसच्या आसपास. शी दिवसातून चार-पाच वेळा, पिवळी. आता ती रडायला लागली होती, मागून प्यायला लागली होती, आणि घरात तक्रार आली की बाळ आधी शांत होतं, हल्ली त्रास देतं! मावशीने याच तक्रारीवर पुन्हा डब्याचा विषय काढला. तेव्हा फोनवर मी फक्त वजन परत वाचून दाखवलं.

सगळं सरळ झालं असंही नाही. सातव्या आठवड्यात एका बाजूला दूध साकळून गाठ आली, अंग मोडून आलं. त्या बाजूने पाजणं थांबवायचं नाही, आधी तीच बाजू द्यायची, पाजून झाल्यावर गार फडकं, असं सांगितलं; दिवसभरात उतरली, ताप चढला नाही, म्हणून औषध लागलं नाही. बोंडल्यातलं जास्तीचं दूध आठव्या आठवड्यात बंद केलं. छप्पन्नाव्या दिवशी ३.७१. साडेतीन महिन्यांच्या लसीला ४.९ किलो. तीन महिन्यांच्या मुलीची कमी वजनाची रेघ ४.५ ला आहे आणि मधलं वजन ५.८. म्हणजे ती रेघेच्या वर आली, मधल्या आकड्यापासून अजून लांब आहे. डॉक्टरांच्या मते तिची स्वतःची वाट हीच असू शकते; डोक्याचा घेर आणि लांबी नीट वाढते आहे, मान धरते, हसते.

पावसाळा लागल्यावर ती सासरी गेली. जाण्याआधी तिच्या सांगण्यावरून सासूबाईंशी मी फोनवर बोलले. वजनाचे आकडे ऐकून त्यांचा सूर निवळला, पण शेजारच्या नातवाचं सहा किलो आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं. सहा महिने पुरे होईपर्यंत वरचं काही नको, पाणीसुद्धा नको, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “बघू.” आईचं हिमोग्लोबिन परत तपासायचं आहे, आणि पुढचं वजन शिंदखेड्याकडच्या उपकेंद्रात व्हायचं आहे. तिथल्या आशाताईंचा नंबर तिने स्वतःच मिळवून ठेवला आहे.